तिसरं रूप म्हणजे आपलं ‘लेलं’

परवा माझ्या इंग्रजीच्या क्लासला, दुपारच्या बॅचला, एक मुलगी आली, वय असेल तेवीस-चोवीस, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, इथेच मिरजेत एका छोट्या दवाखान्यात दोन वर्षं नाइट ड्युट्या करतेय आणि आता तिला पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचा इंटरव्ह्यू द्यायचाय. म्हटलं, बस, पाणी पी, आणि स्वतःबद्दल चार वाक्यं बोल. ती सावरून बसली आणि पहिलंच वाक्य म्हणाली, ‘आय ॲम कम्प्लीटेड माय जीएनएम.’

हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता मोजत नाही. शाखा बदलते, कोणी बीकॉम म्हणतं कोणी डीएड, पण ‘आय ॲम कम्प्लीटेड’ तेच. आणि लोक त्याच्यावर हसतात ना, ते मला अजिबात आवडत नाही, कारण हे वाक्य अभ्यास न केल्यामुळे आलेलं नाही, ते सरळ मराठीतून आलंय आणि मराठीत ते शंभर टक्के बरोबर आहे. ‘माझं जीएनएम पूर्ण झालं आहे.’ आहे म्हणजे ॲम, पूर्ण झालं म्हणजे कम्प्लीटेड. तिने तिच्या डोक्यातलं वाक्य प्रामाणिकपणे शब्दाला शब्द लावून मांडलं होतं. चुकलं ते कुठे हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं, फक्त ‘चूक’ एवढंच सांगितलं होतं.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं (पहिलीपासून झालं ते २००० साली, आम्ही तोवर शाळा संपवून बसलो होतो). आणि पाचवी-सहावीत क्रियापदाची तीन रूपं पाठ करायची म्हणजे पाढेच. गो-वेंट-गॉन, डू-डिड-डन, कम-केम-कम, सगळा वर्ग एका सुरात, बाई पट्टी टेबलावर आपटून ताल धरायच्या. मला तो ताल अजून आठवतो आणि मी त्या पाठांतराच्या विरोधात नाहीये, उलट मी माझ्या क्लासच्या मुलींकडून आजही म्हणून घेते, कारण जिभेला वळण लागतं ते असंच लागतं. पण त्या तीन खणांतला तिसरा खण कशासाठी आहे हे कोणी सांगायचं नाही. पहिलं रूप वर्तमानकाळाचं, दुसरं भूतकाळाचं, आणि तिसरं? ‘पास्ट पार्टिसिपल.’ बरं, म्हणजे काय? ‘म्हणजे व्ही थ्री.’ झालं. एवढ्यावर आम्ही दहावी पार केली.

तर त्या मुलीला मी वहीच काढायला लावली नाही. विचारलं, तू ड्युटी संपताना नर्सिंग नोट्स लिहितेस ना? कशा लिहितेस, मला आत्ता तशाच लिहून दाखव. तिने एका मिनिटात लिहिलं, काही विचार न करता, हात चालत होता नुसता: बीपी चेक्ड. इंजेक्शन गिव्हन. ड्रेसिंग डन. ब्लड सॅम्पल सेंट. कॅथेटर रिमूव्ह्ड. रिलेटिव्ह्ज इन्फॉर्म्ड. सीन बाय डॉक्टर.

सात ओळी आणि सातही ओळींत तिसरं रूप. एकही चूक नाही! ‘इंजेक्शन गेव्ह’ नाही लिहिलं तिने, ‘ड्रेसिंग डिड’ नाही लिहिलं. म्हटलं, आता प्रत्येकाचं मराठी सांग. ती सांगायला लागली, ‘बीपी तपासलं… म्हणजे तपासलेलं आहे. इंजेक्शन दिलेलं. ड्रेसिंग केलेलं. सॅम्पल पाठवलेलं…’ आणि चौथ्या ओळीला ती स्वतःच थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. ‘ताई, सगळीकडे लेलं येतंय.’

हेच. दिलेलं, केलेलं, पाठवलेलं, काढलेलं, कळवलेलं. इंग्रजीचं तिसरं रूप म्हणजे आपलं लेला-लेली-लेलं. मराठी व्याकरणात त्याला धातुसाधित विशेषण म्हणतात, नाव अवघड आहे पण गोष्ट अगदी घरातली आहे: क्रियापदापासून बनवलेलं विशेषण. उकडलेलं अंडं म्हणजे बॉइल्ड एग. तुटलेली खुर्ची म्हणजे ब्रोकन चेअर. चोरलेली गाडी, स्टोलन कार. लिहिलेला कागद, रिटन पेपर. क्रिया होऊन गेली आणि तिचा शिक्का त्या वस्तूवर उमटून राहिला, आता ती वस्तू त्या अवस्थेत आहे, एवढंच ते रूप सांगतं.

आणि हे एकदा कळलं की ‘पास्ट’ हे नाव किती घोटाळा करतं तेही कळतं. मुलांना वाटतं नावात पास्ट आहे म्हणजे हे भूतकाळाचंच काहीतरी. मग ती म्हणतात ‘आय डन इट’, ‘आय सीन हिम’. अहो, तिसऱ्या रूपाला स्वतःचा काळच नाही! ‘द वर्क विल बी डन टुमॉरो’ मध्ये डन आहे आणि वाक्य उद्याचं आहे. ‘काम उद्या केलेलं असेल’, आपल्या केलेलंला तरी कुठे काळ आहे? केलेलं आहे, केलेलं होतं, केलेलं असेल, काळ सांगतो तो आहे-होतं-असेल. तसंच इंग्रजीत काळ सांगायचं काम त्याच्या आधी येणाऱ्या छोट्या क्रियापदाचं, बी नाहीतर हॅव. व्ही थ्री एकटं वाक्याचं क्रियापद म्हणून उभं राहू शकत नाही. नर्सिंग नोट्समध्ये एकटं दिसतं कारण तिथे घाईत वॉज किंवा हॅज बीन गाळलेलं असतं, जसं आपण चिठ्ठीत ‘दूध तापवलेलं, भाजी चिरलेली’ एवढंच लिहून कामावर निघून जातो.

आता मूळ अडचण, ‘आय ॲम कम्प्लीटेड’ ची. माझं स्पष्ट मत आहे की मराठी माणसाला तिसरं रूप कठीण जात नाही, त्याला कठीण जातो तो हॅव. कारण मराठीत हॅव नाहीच! बघा ना, माझ्याकडे गाडी आहे, मला दोन भाऊ आहेत, माझं घर आहे, सगळीकडे आहे-आहेत. ‘असणे’ एवढ्या एका क्रियापदावर आपण दोन्ही कामं भागवतो. मग ‘मी पत्र लिहिलं आहे’ आणि ‘पत्र लिहिलेलं आहे’ या दोन्हींत शेवटी आहेच येतो, आणि इंग्रजीत मात्र पहिल्याला हॅव लागतो आणि दुसऱ्याला इज. आय हॅव रिटन द लेटर. द लेटर इज रिटन. करणारा पुढे उभा असेल आणि त्याने केलेलं सांगायचं असेल तर हॅव, आणि ज्याच्यावर क्रिया झाली ते पुढे असेल तर बी. मी त्या मुलीला विचारलं, जीएनएम तू पूर्ण केलंस का तुला कोणी पूर्ण केलं? ‘मी केलं.’ मग हॅव. ‘आय हॅव कम्प्लीटेड माय जीएनएम.’ आणि जीएनएमला पुढे आणलंस तर ‘माय जीएनएम इज कम्प्लीटेड’, तेही चालेल, कारण आता जीएनएम पूर्ण झालेलं आहे, तू नाही.

याच्या मागची हकिगत मला फार आवडते म्हणून सांगते. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हा हॅव खरोखरच ‘जवळ असणे’ या अर्थाचा होता. म्हणजे वाक्य काहीसं असं असायचं, ‘आय हॅव द लेटर रिटन’, माझ्यापाशी पत्र आहे, लिहिलेल्या अवस्थेत. रिटन हे पत्राचं विशेषण! कधी कधी तर ते पत्राप्रमाणे रूपही बदलायचं, जसं आपलं लिहिलेला-लिहिलेली बदलतं. मग हळूहळू शब्दांची जागा बदलली, रिटन हॅवच्या शेजारी येऊन बसलं आणि त्या जोडीचा अर्थ ‘लिहिलं आहे’ असा झाला. आणि जाणे-येणे अशा क्रियापदांना तेव्हा हॅव लागत नव्हता, बी लागायचा, थेट आपल्यासारखा, तो गेला आहे, तो आला आहे. त्याचा एक अवशेष आजही उरलाय: ‘ही इज गॉन.’ पुण्यात जर्मन शिकणाऱ्या पोरांना विचारा, जर्मनमध्ये ही विभागणी आजही जिवंत आहे, गेला म्हणायचं तर ‘इस्ट’ आणि केलं म्हणायचं तर ‘हाट’. म्हणजे आपला ‘आहे’ काही जगावेगळा नाही.

इथे एक वेगळाच धागा लागतो आणि मी तो धरल्याशिवाय राहू शकत नाही. आपण म्हणतो, त्याने आंबा खाल्ला, त्याने पोळी खाल्ली. खाणारा एकच, तरी क्रियापद बदललं, कारण ते आंब्याप्रमाणे आणि पोळीप्रमाणे चालतं, खाणाऱ्याप्रमाणे नाही. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणून शिकलो. पण असं का? कारण आपला हा भूतकाळ मुळात भूतकाळ नव्हताच, तो संस्कृतमधला पास्ट पार्टिसिपल आहे. पाणिनीने ज्या क्त आणि क्तवतु प्रत्ययांना ‘निष्ठा’ असं नाव दिलंय, त्यातला क्त. गत, कृत, मृत, आगत. त्यांना प्राकृतात ल-कार चिकटला आणि घासून घासून झालं गेला, केला, मेला, आला. म्हणजे आपण रोज सकाळपासून रात्रीपर्यंत ‘केलं, गेलो, आला’ म्हणतो तेव्हा शब्दागणिक पास्ट पार्टिसिपलच वापरत असतो. ज्यांच्या भाषेचा अख्खा भूतकाळ त्याच्यावर उभा आहे त्यांनी व्ही थ्रीला का घाबरायचं?

आणि नातं याच्याही पलीकडचं आहे. इंग्रजीत तिसरं रूप मुख्यतः दोन प्रत्ययांनी होतं, एक तो डी किंवा टी वाला (वॉक्ड, बिल्ट) आणि दुसरा एन वाला (गिव्हन, ब्रोकन). संस्कृतातही दोनच: गत-कृतचा त, आणि भिन्न-छिन्न-पूर्णचा न. हा योगायोग नाही, भाषा एका कुळातल्या आहेत. आपला पूर्ण आणि इंग्रजीतला फुल हे एकाच जुन्या शब्दापासून निघाले आहेत. भिद् धातू आणि बाइट एकाच मुळाचे, त्यामुळे भिन्न आणि बिटन हे चुलतभाऊ लागतात. ज्ञा आणि नो, ज्ञात आणि नोन. संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या धातूंमधलं आणि व्याकरणाच्या रूपांमधलं साम्य दाखवलं होतं ते हेच. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती, खरंच सांगते. पाचवीत पट्टीच्या तालावर म्हटलेलं ब्रेक-ब्रोक-ब्रोकन आणि आजोबांच्या संध्येतलं संस्कृत, दोन्हीकडे तोच न.

बरं, आता अनियमित रूपांची भीती. सगळ्या याद्या मिळून साधारण दोनशेच्या आसपास क्रियापदं निघतात आणि त्यातली बरीच रोजच्या बोलण्यात येतही नाहीत. पण गंमत अशी की जी सगळ्यात जास्त वापरली जातात, बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, थिंक, टेक, ती सगळीच्या सगळी अनियमित. मुली म्हणतात, ताई, नेमकी तीच का? अगं, नेमकी तीच म्हणून तर! जे रोज हाताळलं जातं ते जुनं रूप विसरलं जात नाही. जे क्वचित वापरलं जातं त्याचं जुनं रूप लोक विसरतात आणि ईडी लावून मोकळे होतात. हेल्पचं तिसरं रूप एके काळी होल्पन होतं, आज हेल्प्ट आहे हे कोणाला खटकतं का? आणि आपल्याकडे पण बघा, बस-बसला, उठ-उठला, हस-हसला सगळं सरळ, पण कर-केला, ये-आला, हो-झाला, दे-दिला, घे-घेतला, मर-मेला, रोजची क्रियापदं सगळी वाकडी. माझी भाची तीन वर्षांची आहे, ती परवा तिच्या आईला म्हणाली, ‘मी करलं.’ आणि थोड्या वेळाने, ‘आजीने खाऊ देला.’ तिने नियम शिकलाय, ल लावायचा, आणि तो ती सगळीकडे लावतेय. इंग्रजी बोलणाऱ्या घरातली त्या वयाची पोरं अगदी असंच ‘ईटेड’ आणि ‘कम्ड’ म्हणतात. आणि जा-गेला घ्या! जा एका धातूचा (संस्कृत या), गेला दुसऱ्याचा (गम्). गो आणि वेंटचं तेच, वेंट हे मुळात वेंड नावाच्या वेगळ्याच क्रियापदाचं दुसरं रूप, ते गोने उचललं आणि स्वतःचं म्हणून वापरलं. गॉन मात्र गोचं स्वतःचंच आहे. म्हणून ‘आय हॅव वेंट’ होत नाही, हे सांगितलं की मुलींच्या लक्षात राहतं.

पाठ करायची असतील तर वर्णक्रमाने करू नका, सुराने करा. एका श्वासात सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, स्विम-स्वॅम-स्वम. दुसऱ्यात ड्राइव्ह-ड्रोव्ह-ड्रिव्हन, राइट-रोट-रिटन, राइड-रोड-रिडन. मग कट-पुट-हिट-शट-हर्ट-कॉस्ट, यांना काही होतच नाही, तिन्ही सारखी, आणि कान देऊन ऐका, सगळ्यांच्या शेवटी आधीच ट आहे, म्हणून तर वेगळा प्रत्यय दिसेनासा झाला. कम आणि रन जातात आणि परत येतात, कम-केम-कम, रन-रॅन-रन. बाय-बॉट-बॉट, टीच-टॉट-टॉट, ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट. असं चालीवर बसलं की चुकत नाही.

दोन-तीन ठिकाणी मात्र खरंच जपायला लागतं. फाइंड-फाउंड-फाउंड म्हणजे सापडणे, आणि फाउंड-फाउंडेड-फाउंडेड म्हणजे स्थापन करणे. एका मुलाने निबंधात लिहिलं होतं की मुंबई युनिव्हर्सिटी १८५७ साली ‘वॉज फाउंड’, आणि बाकी निबंध इतका छान होता की मला तो एक शब्द बघून हळहळ वाटली. फाउंडेड. दुसरं, ले आणि लाय. लाय-ले-लेन म्हणजे पडणे, आडवं होणे. ले-लेड-लेड म्हणजे ठेवणे, आडवं करणे. एकाचं दुसरं रूप तेच दुसऱ्याचं पहिलं, त्यामुळे जन्माने इंग्रजी बोलणारे लोकही इथे अडखळतात, तुम्ही अडखळलात तर जिवाला लावून घेऊ नका. आणि गॉटन. अमेरिकेत गेलेली मुलं सुट्टीला आली की ‘हॅड गॉटन’ म्हणतात आणि इथले लोक त्यांना दुरुस्त करतात. दुरुस्त करू नका, गॉटन हेच जुनं आहे, सतराव्या शतकात लोक इंग्लंडहून अमेरिकेला गेले ते हे रूप घेऊन गेले, तिकडे टिकलं, मागे इंग्लंडमध्येच ते वापरातून गेलं, फरगॉटनमध्ये तेवढं राहिलं. तंजावरच्या मराठी घरांत जुने शब्द कसे जपले गेले तसंच हे.

ईडीचा उच्चार ही एक वेगळी तक्रार आहे माझी. आपण स्पेलिंग बघून ‘वॉशेड’, ‘कुकेड’, ‘हेल्पेड’ म्हणतो. तिथे ‘एड’ असं काही उच्चारायचं नाही, नुसतं वॉश्ट, कुक्ट, हेल्प्ट. क्रियापदाच्या शेवटच्या आवाजाला घोष असेल, म्हणजे तो काढताना गळ्यात कंप जाणवत असेल, तर ड, क्लीन्ड, प्लेड. आणि क्रियापदाच्या शेवटी मुळातच ट किंवा ड असेल तरच इड, वॉन्टिड, नीडिड, ॲडमिटिड. कधी काळी सगळीकडेच इड म्हणत, त्यातले काही शब्द विशेषण म्हणून जुन्या उच्चारासकट राहिले, एजिड, ब्लेसिड, विद्वान या अर्थाने लर्निड. बस, एवढंच. स्पेलिंगचं तर एका वाक्यात: स्टॉपचा पी डबल होतो, ट्रायचा वाय जाऊन आय येतो, प्लेचा वाय जागेवर राहतो.

ॲडमिटवरून आठवलं. त्या मुलीने नंतर एक वाक्य टाकलं, ‘द पेशंट इज ॲडमिट इन आयसीयू.’ शेवटचा ईडी गायब. का? कारण मराठीत आपण ‘पेशंट ॲडमिट आहे’ म्हणतो. ‘कन्फ्यूज झालो’, ‘तिकीट कॅन्सल झालं’, ‘दार लॉक आहे’. आपण इंग्रजी क्रियापद उचलतो तेव्हा नुसतं पहिलं रूप उचलतो आणि लेलंचं काम झालं-केलं वर सोपवतो. मराठीत ते उत्तम चालतं, पण इंग्रजी बोलताना ते झालं बरोबर येत नाही ना, मग शब्द अर्धा राहतो. त्यावर माझा एकच उपाय आहे, मनात ‘लेला’ म्हणून बघायचं. पेशंट भरती केलेला आहे. लेला आला, ईडी आला.

आणि बोअरिंग-बोअर्ड! ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणणारी मुलं मला फार गोड वाटतात, कारण त्यांना म्हणायचं असतं कंटाळा आलाय. त्यांना मी एवढंच विचारते, तू कंटाळवाणा आहेस का कंटाळलेला? लगेच कळतं. कंटाळवाणा बोअरिंग, कंटाळलेला बोअर्ड. उकळतं पाणी बॉइलिंग, उकळलेलं पाणी बॉइल्ड. पडतं पान आणि पडलेलं पान, फॉलिंग लीफ, फॉलन लीफ. पान अजून हवेत आहे का जमिनीवर टेकलंय एवढं बघायचं.

आता नर्सिंगच्या हँडओव्हरवर आम्ही त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ दिला. ती सकाळच्या सिस्टरला सांगणार, ‘दहा वाजता इंजेक्शन दिलंय.’ मराठीत दिलंय बरोबर. इंग्रजीत ‘आय हॅव गिव्हन द इंजेक्शन ॲट टेन’ चालत नाही, वेळ सांगितली की हॅव गेला, ‘आय गेव्ह द इंजेक्शन ॲट टेन.’ वेळ न सांगता नुसतं ‘दिलंय, आता देऊ नका’ असं सांगायचं असेल तर मात्र ‘आय हॅव गिव्हन इट.’ हॅवला घड्याळ आणि कॅलेंडर चालत नाही, त्याला फक्त आत्ताची स्थिती सांगायची असते. आणि उलटं टोक म्हणजे हॅड. ‘काल मी कोल्हापूरला गेले होते’, आपलं वाक्य पूर्ण झालं, गेले होते आणि आले. पण ‘आय हॅड गॉन टु कोल्हापूर यस्टरडे’ म्हटलं की ऐकणारा थांबून राहतो, की हं, आणि तोवर काय झालं? कारण हॅड नेहमी दुसऱ्या एका घडून गेलेल्या गोष्टीच्या आधीचं सांगतो. मी स्टेशनवर पोचले तोवर गाडी सुटली होती, व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट. दोन गोष्टी, एक आधी एक नंतर. एकच गोष्ट असेल तर साधं वेंट म्हणा, ‘आय वेंट टु कोल्हापूर यस्टरडे.’ हा हॅड आपल्या ‘होतो-होते’ मधून इतका नकळत शिरतो की चांगली शिकली-सवरलेली माणसं ईमेलमध्ये पानभर हॅड लिहितात. आणि गॉन का बीन, तेही इथेच सांगून टाकते: पुण्याला गेलाय, अजून तिकडेच आहे, हॅज गॉन, पुण्याला जाऊन आलाय, हॅज बीन.

दीड तास झाला होता. गॅसवर चहा ठेवायला मी उठले तर दुधाची पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हटलं वाच. पाश्चराइज्ड, होमोजिनाइज्ड, टोन्ड. ‘लेलं, लेलं, लेलं,’ ती म्हणाली. मग जाताना ती दारात चप्पल घालता घालता म्हणाली, इंटरव्ह्यूसाठी मी नवीन ड्रेस शिवलाय. म्हटलं, इंग्रजीत सांग. ‘आय हॅव स्टिच्ड अ न्यू ड्रेस.’ हॅव बरोबर, स्टिच्ड बरोबर, अगदी बरोबर. फक्त विचारलं, तू स्वतः मशीनवर बसलीस? नाही म्हणाली, गल्लीतल्या टेलरकाकांकडे टाकला होता. मग मराठीत नीट सांग. ‘शिवून घेतला.’

‘आय गॉट अ न्यू ड्रेस स्टिच्ड,’ मी म्हटलं. तिने ते दोनदा म्हणून बघितलं, मग विचारलं, म्हणजे आय गॉट माय हेअर कट, केस कापून घेतले? हो. आय गॉट माय सर्टिफिकेट्स झेरॉक्स्ड? हो, तेही. जिना उतरताना तिचा आवाज येत होता, काय काय करून घेतलं ते ती एकेक मोजत चालली होती.